पाणथळींची मोजदाद : महसूल, नकाशा आणि नदीखोरे

काश्मीरमधील वुलर सरोवराचे क्षेत्रफळ किती, या प्रश्नाला विसाव्या शतकात एकच एक उत्तर कधीही उपलब्ध नव्हते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १९९० च्या पाणथळ-सूचीत ते १८९ चौरस किलोमीटर आहे. महसूल दप्तरात ते १३० चौ.कि.मी. आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १९७८-७९ च्या नकाशांवरून मोजल्यास ते ५८.७ भरते. १९११ च्या नकाशावरून अभ्यासकांनी पुढे काढलेले पाणथळ क्षेत्र १५७.७४ चौ.कि.मी. आहे, आणि त्याच्याशी तुलना करण्यासाठी २००७ च्या व्यवस्थापन आराखड्यात दिलेला आकडा ८६.७१ आहे. काही संदर्भग्रंथ तर ऋतुमानाचा हवाला देऊन तीसपासून दोनशे साठपर्यंतची मर्यादा सांगून मोकळे होतात.

यांतील कोणताही आकडा निव्वळ चूक म्हणून बाजूला सारता येत नाही. महसूल खात्याने आपल्या ताब्यातील जमीन मोजली, सर्वेक्षकाने नकाशावर निळ्या रंगात दाखवण्याजोगे उघडे पाणी मोजले, आणि पर्यावरण मंत्रालयाने पुराच्या पाण्याची कमाल व्याप्ती गृहीत धरली. १९११ आणि २००७ या दोन टोकांची तुलना करणाऱ्या अभ्यासकांनी पाण्याबरोबर दलदलही जमेस धरली. मोजणारा बदलला की मोजावयाची वस्तूही बदलते, हे पाणथळींच्या बाबतीत जितके खरे आहे तितके डोंगराच्या किंवा शेताच्या बाबतीत नाही. डोंगर जानेवारीत आणि ऑगस्टात तेवढाच असतो. भारतातील निरनिराळ्या नदीखोऱ्यांत पाणथळ भूमीचे क्षेत्र आणि तिचे प्रकार मोजण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास हा म्हणूनच बव्हंशी व्याख्यांचा, नकाशाच्या प्रमाणांचा आणि खात्याखात्यांतील सीमारेषांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे परिणाम मात्र कागदापुरते राहिलेले नाहीत.

मराठीतील 'पाणथळ' हा शब्द पाणी आणि स्थळ यांच्या संयोगातून आला आहे आणि व्यवहारात त्याचा अर्थ मर्यादित आहे. जेथे जमीन ओलसर राहते, पाय रुततो, नांगर चालत नाही ती जागा पाणथळ. नदीला, खाडीला किंवा धरणाच्या जलाशयाला कोणी पाणथळ म्हणत नाही. इतर भारतीय भाषांतही अशाच नेमक्या संज्ञा आहेत. काश्मिरीत सखल दलदलीला 'नंबल' म्हणतात, आसामात नदीने सोडलेल्या पात्रांना आणि खोलगट भागांना 'बील', मणिपुरात सरोवराला 'पात', तमिळ प्रदेशात सिंचनाच्या तळ्याला 'एरी', आणि कोलकात्याच्या पूर्वेस मासे पाळण्याच्या उथळ तळ्यांना 'भेरी'. या प्रत्येक शब्दात पाण्याची खोली, त्याच्या येण्याजाण्याचा काळ आणि त्या जागेचा उपयोग गृहीत आहे. या सर्वांना एका नावाखाली आणणारी संकल्पना अलीकडची आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळ भूमीची जी व्याख्या स्वीकारली गेली ती कमालीची व्यापक आहे. नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमचे वा हंगामी, स्थिर वा वाहते, गोडे, मचूळ वा खारे असे सर्व पाणी तीत येते, आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारा समुद्रही येतो. भारत १९८२ साली या कराराचा सदस्य झाला. 'पाणथळ' हा जुना शब्द त्या व्याख्येसाठी वापरला जाऊ लागला तेव्हा त्याचा पसारा एकदम वाढला, परंतु जनमानसातील अर्थ होता तेथेच राहिला. शासकीय आकडे आणि सामान्य समजूत यांच्यात आज जी दरी दिसते तिचा उगम काही अंशी येथे आहे.

वुलरकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण तेथील नोंदी अन्य कोणत्याही खोऱ्यापेक्षा जुन्या आहेत. कल्हणाने बाराव्या शतकात रचलेल्या राजतरंगिणीत या सरोवराला महापद्मसर म्हटले आहे. नवव्या शतकात अवंतिवर्म्याच्या राज्यात सुय्य नावाच्या स्थापत्यविशारदाने वितस्तेचे, म्हणजे झेलमचे, तुंबलेले पात्र मोकळे केले. नदीत नाणी फेकून त्यांच्या लोभाने भुकेल्या लोकांकडून तळाचे दगड उपसून घेतले, ही कथा सर्वपरिचित आहे. तिच्याइतकाच महत्त्वाचा असा पुढचा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. सुय्याने बांध घालून सरोवराच्या काठची जमीन पाण्यातून बाहेर काढली, तेथे नवी गावे वसली, आणि पूर्वी सुबत्तेच्या काळातही दोनशे दिन्नारांना मिळणारी तांदळाची खारी छत्तीस दिन्नारांवर आली. पाणथळ भूमी कमी होणे ही त्या काळच्या इतिहासकाराच्या दृष्टीने निर्विवादपणे स्तुत्य घटना होती. सोपोर हे नगर आजही सुय्याचे नाव वागवते. पुढे पंधराव्या शतकात झैन-उल-आबिदीनने याच सरोवरात कृत्रिम बेट उभारले. दलदल हटवणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य, ही धारणा इंग्रजांनी बरोबर आणलेली नाही. त्यांनी तिला महसुली परिभाषा दिली.

ती परिभाषा 'पडीक' या एका शब्दात सांगता येते. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, आणि जी पडीक ती लागवडीखाली आणण्यासाठी उपलब्ध. बंगालमध्ये नदीने खाल्लेल्या आणि टाकलेल्या जमिनीच्या मालकीसाठी १८२५ साली स्वतंत्र विनियम करावा लागला, कारण कायमधाऱ्याच्या पद्धतीला स्थिर सीमा हवी होती आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात ती नव्हती. महसुली भूमापनात पाणथळ जागा आल्या त्या बहुधा शेतांच्या मधली रिकामी जागा म्हणून. त्यांचे स्वतःचे क्षेत्र मोजण्याचे प्रयोजनच नव्हते. काश्मीर दरबाराच्या अमलातही वेगळे घडले नाही. विसाव्या शतकात वुलरच्या काठाने विलोची लागवड झाली. जळण आणि लाकूड हा हेतू होता. या झाडांच्या मुळांनी झेलमचा गाळ धरून ठेवला, गाळाने जमीन उचलली, आणि उचललेल्या जमिनीवर भातशेती सरकली. १९११ ते २००७ या काळात जे पंचेचाळीस टक्के क्षेत्र गेले त्यातील अठ्ठावीस टक्के शेतीने व सतरा टक्के वृक्षलागवडीने घेतले, असे व्यवस्थापन आराखड्याचे निदान आहे. म्हणजे या ऱ्हासात वनखात्याच्या दृष्टीने हिरवळ वाढली होती आणि महसूल खात्याच्या दृष्टीने लागवड वाढली होती. सरोवर कमी झाल्याची नोंद ज्या दप्तरात व्हावी असे दप्तरच नव्हते.

वुलर हे एकटे सरोवर नाही. झेलम अनंतनागपासून सोपोरपर्यंत जवळजवळ सपाट तळावरून वाहते आणि पुराच्या दिवसांत तिचे पाणी दोन्ही काठांच्या नंबलांत पसरते. श्रीनगरच्या कडेला असलेले होकरसर हे त्यांतील एक. १९०३ च्या पुरानंतर काढलेला पूरकालवा याच बाजूने जातो. १९६९ साली होकरसरचे क्षेत्र १८.७५ चौ.कि.मी. होते आणि २००८ पर्यंत ते सुमारे १३ वर आले, असे काश्मीरमधील संशोधकांनी नकाशे व उपग्रह प्रतिमा पडताळून दाखवले. सप्टेंबर २०१४ मध्ये श्रीनगर बुडाले तेव्हा या आकड्यांना एकाएकी वेगळा अर्थ आला. अतिवृष्टी हे त्या पुराचे मुख्य कारण होते, यात शंका नाही. परंतु पाणी पसरण्यासाठी पूर्वी जी जागा होती ती कोठे गेली, हा प्रश्न खोरे म्हणून विचारल्याशिवाय सुटत नाही. एकेका सरोवराचे क्षेत्र सुटे मोजले तर प्रत्येकाचा ऱ्हास स्थानिक अतिक्रमणाचा प्रश्न वाटतो. पूर्ण पाणलोट क्षेत्राची बेरीज केली की तो पूरनियंत्रणाचा प्रश्न होतो.

खोरे हे एकक मानून पाणी मोजण्याची परंपरा भारतात नव्हती असे मात्र नाही. मद्रास इलाख्यात १८८० च्या दशकात सिंचन तळ्यांच्या जीर्णोद्धाराची जी योजना सुरू झाली तिच्यात एरींची पाहणी उपखोऱ्यांच्या क्रमाने करण्यात आली. वरच्या एरीचा सांडवा खालच्या एरीला पाणी देतो, तेव्हा एकीची क्षमता दुसरीपासून तोडून मोजणे व्यर्थ आहे, हे तेथील अभियंत्यांना कामाच्या ओघात उमगले होते. एरीमागे पाणलोट, साठा, मोऱ्या, सांडवा आणि लाभक्षेत्र यांची टिपणे ठेवली गेली. ही टिपणे सिंचनाच्या हेतूने केलेली होती. पक्षी, मासे, काठची वनस्पती यांना त्यांत स्थान नव्हते. तरीही पाणथळींच्या शृंखलेचे खोरेनिहाय मोजमाप म्हणून त्यांचे मोल नाकारता येत नाही, आणि नंतरच्या पर्यावरणीय मोजदादीने त्यांचा धागा उचलला नाही, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

योगायोगाची गोष्ट अशी की १९९० या एकाच वर्षी दोन स्वतंत्र दस्तऐवज सिद्ध झाले. एक पर्यावरण मंत्रालयाची पाणथळ-सूची. तिच्यात २,१६७ नैसर्गिक आणि ६५,२५३ मानवनिर्मित पाणथळींची नोंद होती, क्षेत्र अनुक्रमे सुमारे पंधरा लाख आणि सव्वीस लाख हेक्टर. भातखाचरे, नद्या आणि कांदळवने यांचा समावेश त्या बेरजेत नव्हता. दुसरा दस्तऐवज म्हणजे कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीतील अखिल भारतीय मृदा व भूमी-उपयोग सर्वेक्षण संस्थेने तयार केलेला पाणलोटांचा नकाशासंग्रह. त्याने देशाची सहा जलप्रदेश, पस्तीस खोरी, एकशे बारा पाणलोट क्षेत्रे, पाचशे उपक्षेत्रे आणि ३,२३७ पाणलोट अशी उतरत्या क्रमाने विभागणी केली. पहिल्या दस्तऐवजापाशी पाणथळी होत्या, दुसऱ्यापाशी त्यांना बसवण्याची चौकट होती. दोन्ही एकत्र मांडले गेले नाहीत. पाणथळींची मोजदाद पुढेही राज्यवार आणि जिल्हावारच होत राहिली, कारण निधी राज्यांना द्यावयाचा होता आणि उत्तर जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाचे होते.

यानंतरचा टप्पा उपग्रहांचा. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने १९९२-९३ च्या प्रतिमांवरून केलेली देशव्यापी मोजदाद १९९८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २७,४०३ पाणथळी आणि सुमारे शहात्तर लाख हेक्टर क्षेत्र नोंदले गेले. याच केंद्राने २००६-०७ च्या प्रतिमा वापरून २०११ साली राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह काढला तेव्हा संख्या ७,५७,०६० झाली आणि क्षेत्र एक कोटी बावन्न लाख साठ हजार हेक्टर. २०१७-१८ च्या प्रतिमांवर आधारलेल्या पुढच्या आवृत्तीत क्षेत्र आणखी वाढून जवळजवळ एक कोटी साठ लाख हेक्टर झाले. १९९० पासूनचे हे चार आकडे ओळीने वाचणाऱ्यास भारतातील पाणथळ भूमी तीन दशकांत चौपट झाली असे वाटावे, आणि ही तीच दशके आहेत ज्यांत वुलर, होकरसर आणि कोलकात्यापासून बंगळूरपर्यंतची तळी आक्रसत असल्याचे प्रत्येक क्षेत्रीय अभ्यास सांगत होता.

या विसंगतीचा उलगडा करण्यासाठी एका अगदी साध्या गोष्टीकडे पाहावे लागते. छापील नकाशावर सुमारे तीन मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद आकृतीपेक्षा लहान आकृती स्पष्टपणे काढता येत नाही. एकास अडीच लाख या प्रमाणाच्या नकाशावर तीन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील साडेसातशे मीटर, आणि त्या बाजूचा चौकोन म्हणजे ५६.२५ हेक्टर. १९९८ ची मोजदाद मुख्यतः या प्रमाणावर झाली. एकास पन्नास हजार या प्रमाणावर तेच तीन मिलिमीटर दीडशे मीटर होतात, आणि चौकोन होतो सव्वादोन हेक्टरांचा. २०११ च्या नकाशासंग्रहाने हे प्रमाण वापरले. सव्वादोन हेक्टर ही जी मर्यादा नंतर शासकीय पत्रव्यवहारात आणि न्यायालयीन आदेशांत वारंवार येते, तिच्यामागे बेडकाचे, बदकाचे किंवा भूजलाचे कोणतेही शास्त्र नाही. कागदावर रेघ किती बारीक दिसते एवढेच त्याचे मूळ आहे. त्याहून लहान पाणथळी केवळ बिंदू म्हणून दाखवण्यात आल्या. अशा बिंदूंची संख्या ५,५५,५५७ आहे आणि त्यांचे एकूण क्षेत्रही हेक्टरांत नेमके तेवढेच धरले आहे. अर्थात प्रत्येक लहान तळे, डबके, दलदल यांना सरसकट एक हेक्टर बहाल झाला. नकाशासंग्रह करणाऱ्यांना दोष देण्यासारखे यात काही नाही, कारण पद्धत त्यांनी उघड सांगितली आहे. तो आकडा पुढे ज्यांनी वापरला त्यांनी पद्धत सोडून फक्त आकडा घेतला.

दुसरे कारण प्रकारांच्या यादीत आहे, आणि ते आसामच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कशाने होत नाही. आसामच्या दूरसंवेदन केंद्राने १९९७ साली राज्यातील पाणथळींची जी मोजदाद प्रसिद्ध केली तिच्यात ३,५१३ पाणथळी आहेत. त्यांपैकी सरोवरे व तळी ६९०, नदीने वळण सोडल्याने तयार झालेली नालाकृती सरोवरे ८६१, हंगामी पाणी साचणाऱ्या जागा १,१२५, दलदली ७१२, जलाशय १० आणि टाकी ११५. क्षेत्राच्या दृष्टीने मात्र क्रम बदलतो. संख्येने तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या दलदलींचे क्षेत्र ४३,४३३ हेक्टरांवर, म्हणजे सर्वांत अधिक आहे. हंगामी जागा २३,४३१ हेक्टर, तर नालाकृती सरोवरे आणि इतर तळी प्रत्येकी साडेपंधरा हजारांच्या आसपास. एकूण १,०१,२३१ हेक्टर, राज्याच्या क्षेत्रफळाच्या १.२९ टक्के. हे चित्र ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानाशी परिचित असलेल्या कोणालाही पटण्यासारखे आहे. २०११ च्या राष्ट्रीय मालिकेत त्याच आसामचे पाणथळ क्षेत्र ७,६४,३७२ हेक्टर झाले. जमीन तीच आणि मधला काळ दहा-पंधरा वर्षांचा. फरक एवढाच की नव्या यादीत नदी हा पाणथळीचा एक प्रकार होता, आणि त्या साडेसात लाखांतील ६ लाख ३७ हजारांहून अधिक हेक्टर केवळ ब्रह्मपुत्रा, बराक व त्यांच्या उपनद्यांचे होते.

रामसर व्याख्येप्रमाणे नदीचा समावेश योग्यच आहे. परंतु बेरजेत एकदा नदी शिरली की बीलांची हालहवाल त्या बेरजेतून दिसत नाही. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचे पात्र गाळाने उचलले गेले. १९५४ पासून पूरनियंत्रणासाठी तटबंधांचे धोरण स्वीकारले गेले आणि नदी व बील यांना जोडणाऱ्या अनेक वाटा बुजल्या. पात्र रुंदावले तर नदीचे क्षेत्र वाढते. पूर न पोचल्याने बील आटले तर दलदलीचे क्षेत्र घटते. दोन्ही एकाच घडामोडीची अंगे असूनही एकूण बेरीज जवळपास तीच राहू शकते, किंबहुना वाढूही शकते. काठ कापून शेत गिळणारी नदी मोजदादीच्या तक्त्यात 'पाणथळ क्षेत्रातील वाढ' म्हणून उमटावी, यातील उपरोध आसामच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. गुवाहाटीच्या वेशीवरील दीपर बील रामसर यादीत चार हजार हेक्टरांचे आहे, तर त्याच नावाचे अभयारण्य जेमतेम चार चौरस किलोमीटर, म्हणजे चारशे हेक्टरांच्या आसपास आहे. उरलेल्या भागाचे कायदेशीर स्वरूप काय, हा वाद शहर जसजसे पसरत गेले तसतसा तीव्र होत गेला.

राष्ट्रीय पातळीवरही हेच प्रमाण आढळते. २०११ च्या एक कोटी साडेबावन्न लाख हेक्टरांत नद्या-नाले ५२.६ लाख, धरणांचे जलाशय २४.८ लाख, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील चिखलमैदाने २४.१ लाख, मानवनिर्मित तळी-टाकी १३.१ लाख, आणि नैसर्गिक सरोवरे व तळी अवघी ७.३ लाख हेक्टर. गुजरात सुमारे ३४.७ लाख हेक्टरांसह सर्व राज्यांत पहिला येतो, त्याचे श्रेय कच्छच्या व खंबातच्या किनाऱ्यावरील चिखलमैदानांना आहे. ऋतूचा प्रश्न या नकाशासंग्रहाने टाळला नाही, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. भूवेष्टित पाणथळींतील उघडे पाणी पावसाळ्यानंतर सुमारे ७४ लाख हेक्टर आणि उन्हाळ्यात ४८ लाख हेक्टर असल्याचे त्याने दोन वेगळ्या मोजमापांनी दाखवले. हा सव्वीस लाख हेक्टरांचा फरक म्हणजेच ऋतूबरोबर श्वास घेणारा काठ. बेकायदा भराव, शेती आणि बांधकाम प्रायः याच काठावर होते, कारण उन्हाळ्यात तेथे जाऊन पाहणाऱ्याला तेथे पाणी नसते.

क्षेत्र मुळीच न घटता पाणथळ बदलते, याचे उदाहरण मणिपूरच्या खोऱ्यात मिळते. लोकताक सरोवराच्या दक्षिणेस १९८३ साली इथाई बंधारा कार्यान्वित झाला आणि वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी वर्षभर उंच ठेवली जाऊ लागली. तोपर्यंत लोकताक पावसाळ्यात फुगे आणि हिवाळ्याअखेर ओसरे. सरोवरावर तरंगणारे 'फुमदी' नावाचे वनस्पतींचे जाड थर पाणी ओसरल्यावर तळाला टेकत आणि मुळांना तेथील गाळातून पोषण मिळे. पाणी उतरणे थांबले तेव्हा फुमदी तळाला टेकेनाशी झाली आणि पातळ होऊ लागली. चाळीस चौ.कि.मी.चे केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान याच फुमदीवर आहे आणि संगाई हरणाची नैसर्गिक अधिवासातील एकमेव वस्ती तेथेच आहे. हरणाचे वजन न पेलणारी फुमदी उपग्रहाच्या प्रतिमेत पूर्वीइतकीच हिरवी दिसते. हंगामी सरोवर बारमाही जलाशय झाल्याने काठच्या शेतजमिनी कायमच्या पाण्याखाली गेल्या, मासेमारांना खोल पाण्याशी जमवून घ्यावे लागले, वरच्या खोऱ्यातील नद्यांचा गाळ बंधाऱ्यामागे अडकू लागला. निव्वळ क्षेत्राच्या रकान्यात मात्र यातील काहीच उमटत नाही. प्रकाराच्या रकान्यात उमटू शकले असते. पण लोकताक आधीही सरोवर होते आणि नंतरही सरोवरच राहिले.

याच्या उलट टोकाला पूर्व कोलकात्याचा प्रयोग आहे. पश्चिम बंगाल शासनातील अभियंते ध्रुबज्योती घोष यांनी १९८० च्या दशकात शहराचे सांडपाणी शेवटी कोठे जाते याचा माग काढला, आणि ते भेरींतून मासे वाढवत, शेतांना खत देत कुल्टी नदीकडे जाते, हे मांडले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या प्रदेशाला संरक्षण दिले आणि २००२ साली तो रामसर यादीत आला. त्याचे क्षेत्र साडेबारा हजार हेक्टर मानले जाते. या बेरजेचे घटक पाहण्यासारखे आहेत. भेरी आणि अन्य जलाशय ५,८५२ हेक्टर, शेती ४,७१८ हेक्टर, शहराच्या कचऱ्यावर पिकणारे भाजीमळे ६०२ हेक्टर, आणि वस्ती १,३२६ हेक्टर. निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली नाही. कोणत्याही उपग्रही वर्गवारीत हे भाजीमळे आणि ही गावे पाणथळ ठरणार नाहीत. घोष यांनी सीमारेषा पाण्याच्या कडेने आखली नाही. सांडपाण्याच्या प्रवासात जी जमीन भाग घेते ती सर्व त्यांनी एक मानली. हे पाणलोट क्षेत्राचेच तर्कशास्त्र आहे, फक्त वरून येणाऱ्या पावसाऐवजी शहरातून येणाऱ्या मैल्याला लावलेले. घोष २०१८ साली निवर्तले. त्यांच्या सीमारेषेवर बांधकामांचे आक्रमण त्यांच्या हयातीतही थांबले नव्हते. परंतु ती रेषा कायद्यात होती म्हणून ते आक्रमण ठरले, एरवी तो विकास ठरला असता.

कायद्याने मोजदादीचा उपयोग कसा केला, हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा आणि वादग्रस्त भाग आहे. पाणथळ संवर्धनाचे पहिले नियम २०१० साली आले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले. या नव्या व्याख्येने रामसरची भाषा स्वीकारून तिच्यातून नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, आणि मत्स्यशेती, मिठागरे, करमणूक व सिंचन यांसाठी उभारलेली बांधकामे वगळली. किनारपट्टीच्या नियमनाखालील क्षेत्रालाही हे नियम लागू होत नाहीत. नकाशासंग्रहाच्या २०११ च्या आकड्यांतून ढोबळ वजाबाकी केली, म्हणजे नद्या, जलाशय, तळी-टाकी आणि किनारी पाणथळी बाजूला काढल्या, तर साडेबावन्न लाख अधिक एक कोटींतून वीस लाख हेक्टरांच्या आसपास शिल्लक राहतात, आणि त्यांतही साडेपाच लाख हे ते एकेक हेक्टरचे बिंदू आहेत. वगळलेल्या काही भागांना अन्य कायद्यांचे छत्र आहे आणि प्रत्येक टाके सिंचनासाठीच होते असेही नाही, तेव्हा ही वजाबाकी अचूक म्हणता येणार नाही. तरीही मोजण्यासाठी एक व्याख्या आणि राखण्यासाठी दुसरी, हे अंतर तिच्यातून कळते. एरींची शृंखला, जिची खोरेवार टिपणे शतकापूर्वी झाली होती, ती या दुसऱ्या व्याख्येत सिंचनाचे बांधकाम ठरते.

दरम्यान ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकाशासंग्रहातील सव्वादोन हेक्टरांवरील २,०१,५०३ पाणथळींना नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. तीन मिलिमीटरांची ती नकाशाची मर्यादा अशा रीतीने कायद्याची मर्यादा झाली. महाराष्ट्रात या प्रश्नाला स्वतःचा एक पैलू आहे. राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणजे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूरमधमेश्वर. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणवनस्पती वाढल्या, आणि त्यातून १९८६ चे पक्षी अभयारण्य आणि जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले १,४३७ हेक्टरांचे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र निर्माण झाले. अभियंत्याच्या हिशेबात तो गाळ म्हणजे घटलेला साठा. मुळात सिंचनाचे बांधकाम असलेले हे स्थळ अभयारण्य आणि रामसर या दोन शिक्क्यांमुळे सुरक्षित आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, ज्यांच्या काठी सारसांसारखे पक्षी येतात, त्यांच्यापाशी असे शिक्के बहुतांशी नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२४ रोजी हा विषय पुन्हा हाती घेतला तेव्हा सव्वादोन हेक्टरांवरील पाणथळींची संख्या २,३१,१९५ झालेली होती. राज्यांनी प्रत्येक पाणथळीची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करावी आणि तिची सीमा निश्चित करावी, हे काम तीन महिन्यांत संपवावे, असा आदेश झाला. डिसेंबर ते मार्च हा भारतातील बहुतेक पाणथळी ओसरण्याचा काळ आहे.